मामा, आजीबाई आणि दलदलीतलं विमान

आमच्या मामाला माणसांशी बोलायचा भारी कंटाळा होता. घरी पाहुणे आले की तो "आलोच" म्हणून चपला घालायचा आणि पाहुणे गेल्यावरच उगवायचा. मामी म्हणायची, "चार पायांवर चालत या, मग बघा ह्यांची टकळी कशी सुरू होते ते." त्यात खोटं काही नव्हतं. मामा एका मोठ्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांना चंदी घालायची, खरारा करायचा, नाल ठोकताना घोड्याचं डोकं धरून उभं राहायचं, आजारी घोड्याशेजारी गवतातच पथारी टाकायची, हे त्याचं काम. ते करताना तो अखंड बोलत असायचा आणि बोलणं संपलं की जीभ टाळूला लावून चुचकारायचा. तो आवाज ऐकला की बुजलेलं जनावर कान सैल सोडायचं. पागेत त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षातच नव्हतं. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला 'चुचकार' म्हणायचे.

पागेतले घोडे लांब लांब विकले जायचे आणि लांबचा घोडा विमानाने जायचा. उभ्या खोक्यात बंद केलेलं जनावर हवेत बिथरलं तर लाथांनी सगळं फोडून काढेल, म्हणून सोबत ओळखीचा माणूस लागतो. बाकीच्या मोतद्दारांना विमानात ओकाऱ्या व्हायच्या. मामाला काही म्हणजे काही व्हायचं नाही, त्यामुळे ते काम कायमचं त्याच्या गळ्यात पडलं. आम्ही भाचरं शाळेत फुशारक्या मारायचो, आमचा मामा विमानाने फिरतो म्हणून. मी एकदा विचारलं, "मामा, विमानातून खाली काय काय दिसतं रे?"

"घोड्याचं ढुंगण," मामा म्हणाला. मालवाहू विमानाला मागे खिडक्या नसतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशीची हकिगत मला सलग कुणी सांगितली नाही. काही मामाने सांगितली, तीही मी काही न विचारता गप्प बसले असताना. काही त्या विमानाच्या सहवैमानिक बाईंनी सांगितली. थोडं मी स्वतः पाहिलं.

विमान जुनं होतं, दोन पंख्यांचं. सकाळी त्यात दोन घोडे चढवले होते. एक तांबूस, तरणाबांड, जरा उनाड. दुसरी आजीबाई. आजीबाई म्हणजे पागेतली सगळ्यात वयस्कर घोडी. ती माणसांना चावायची, म्हणून तिला हे नाव आमच्या आजीवरून पडलं असं मामा म्हणायचा आणि आजी ऐकत नसेल तेव्हाच म्हणायचा. आजीबाई मामाला चावत नसे. तिचं पहिलं शिंगरू त्याने आपल्या हातांनी ओढून बाहेर काढलं होतं. आता एका दूरच्या मळ्यावर मुलांना बसवायला कुणाला तरी शांत घोडी हवी होती आणि मालकाने, शांत कशाला म्हणतात याचा फारसा विचार न करता, तिला विकली होती. घोड्यांच्या मागे पेट्याच पेट्या, यंत्रांचे सुटे भाग भरलेल्या.

पुढे दोघं जण. कॅप्टन जाडजूड, खुशीतला माणूस, सारखं काहीतरी गुणगुणणारा. त्याच्या शेजारी सहवैमानिक, पंचविशीतली मुलगी. तिला घोड्यांची जाम भीती वाटायची. निघण्याआधी तिने मामाला चहा आणून दिला, तोही हात जितका लांब करता येईल तितका लांब करून. "काका, ती चावते का हो?"

"मला नाही चावत, मॅडम," मामा म्हणाला. एवढंच त्यांचं बोलणं.

विमान उडालं. मामा दोन खोक्यांच्या शेजारी, विमानाच्या भिंतीला टेकलेल्या घडीच्या खुर्चीवर पट्टा बांधून बसला होता. जमीन सुटून थोडाच वेळ झाला असेल. उजव्या बाजूच्या इंजिनाचा आवाज बदलला. आधी खोकल्यासारखा झाला, मग दम लागल्यासारखा आणि मग नुसती घरघर. विमान एका अंगाला ओढ घ्यायला लागलं. तांबड्याने डोकं वर फेकलं. मामाने दोघांच्या म्होरक्या, तोंडाच्या दोऱ्या, धरल्या आणि चुचकारायला लागला. पुढचं दार उघडं होतं, त्यामुळे कॅप्टनचा आवाज ऐकू येत होता. माणूस आता गुणगुणत नव्हता. एका इंजिनाचा जोर गेला होता आणि दुसऱ्या म्हाताऱ्या इंजिनाला एवढा बोजा पेलवत नव्हता. परत वळावं तर उंची नाही. समोर पाहावं तर घरांची रांग. कॅप्टनने विमान घरांवरून कसंबसं काढलं आणि पलीकडच्या दलदलीकडे, लव्हाळ्यांत नेलं. "धरून बसा!" तो ओरडला. ते त्याचे शेवटचे शब्द.

मामाला पडल्याचं आठवत नाही. त्याला आठवते ती नंतरची शांतता आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतंय ते. तो श्वास आजीबाईचा होता.

डोळे उघडले तेव्हा अंधार नव्हता. मागे विमानाचं पोट फाटलं होतं, तिथून उजेडाची एक तिरकी फळी आत आली होती. जवळच तांबडा पडला होता. मान अशी वळली होती की पुन्हा बघायची गरज नव्हती. आजीबाईचं खोकं विमानाच्या तळापासून उखडून मामाच्या बाजूला कललं होतं. घोडी आत अडकून, अर्धी उभी अर्धी टेकलेली आणि तिचा सगळा भार खोक्याच्या लोखंडी चौकटीवर. चौकट मामाच्या डाव्या पायावर. पाय गुडघ्याखाली भिंत आणि लोखंड यांच्यामध्ये चेपला होता, उसाच्या चरकात सापडल्यासारखा. मामाने तो ओढून पाहिला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. ओढायचं नाही, एवढं त्याला कळलं.

मग आजीबाईने अंग झटकलं आणि त्याला दुसरी गोष्ट कळली. ती हलली की चौकट हलत होती, चौकट हलली की पाय आणखी चेपत होता. शिवाय वरची बाजू त्याच्या छातीकडे कलत होती. घोडी बिथरली तर तो संपला. तिला शांत ठेवणं हे त्याचं रोजचंच काम. पण आजवर त्या कामावर त्याचा स्वतःचा जीव कधी टांगलेला नव्हता.

तिचं तोंड त्याच्या खांद्यापाशी आलं होतं. त्याने म्होरकी धरली आणि चुचकारलं. घोडी थरथरत थांबली.

तेवढ्यात पुढून आवाज आला. "कोणी आहे का? काका? काका, आहात ना?"

पुढचं दार आपटून बंद झालं होतं आणि चौकटीत वेडंवाकडं रुतलं होतं. पलीकडे ती मुलगी होती.

"आहे," मामा म्हणाला. "कॅप्टन?"

ती म्हणाली, "ते शेजारीच आहेत."

मामाने पुढे विचारलं नाही. "तुम्हाला लागलंय का मॅडम?"

"हात वर होत नाहीये. पट्टा सुटत नाहीये. पुढची बाजू सगळी आत आलीय, माझ्या मांड्यांवर. काका, वास येतोय तुम्हाला?"

वास त्याला मघाशीच आला होता. इंधनाचा. घशात चरचरणारा.

"चिखलाचा येतोय," मामा खोटं बोलला.

माणसं यायला वेळ लागला, कारण तिथे गाडी येऊ शकत नव्हती. दलदलीच्या काठापर्यंत आगीचे बंब आले आणि तिथेच चाकं रुतली. पुढे फळ्या टाकत, दोऱ्या बांधत यावं लागत होतं. आतल्या दोघांना हे कुठलं माहीत? त्यांना लांबून भोंगे ऐकू येत, मग बंद होत आणि मग लव्हाळ्यांची सळसळ. विमान खाली खाली बसत होतं. फाटलेल्या पोटातून चिखल आत येत होता, गार, घट्ट आणि घाई नसलेला. पहिल्यांदा मामाच्या टाचेला लागला, मग कमरेखाली पसरला.

"काका, बोलत राहा ना," ती म्हणायची. "तुम्ही गप्प झालात की मला वाटतं..."

आता मामाची खरी पंचाईत. घोडीशी बोलायला त्याच्याकडे शब्द होते, माणसाशी नव्हते. मग त्याने घोडीशीच बोलायला सुरुवात केली, जरा मोठ्याने. "आजीबाई, ह्या मॅडम आहेत बरं का. चांगल्या आहेत. चहा देतात. त्यांना चावायचं नाही." पलीकडून हुंदका आला की हसू, त्याला कळलं नाही. मग त्याने आजीबाईला सगळं सांगितलं. मामीने लग्नाआधी त्याला पागेत येऊन पाहिलं ते, घोड्याच्या लिदीत पाय पडला तरी ती नाक न मुरडता हसली ते. मी लहानपणी घोड्याची चंदी खाल्ली ते. मध्येच ती मुलगी विचारायची, "मग?" आणि तो घोडीलाच उत्तर द्यायचा. केव्हा तरी 'मॅडम' सुटलं आणि 'पोरी' आलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

मध्ये मध्ये पायातली कळ मस्तकात जायची. ओरडावंसं वाटायचं. पण ओरडलं तर घोडी बुजणार. मामा मला म्हणाला, "मोकळेपणी कण्हताही येत नव्हतं बघ. तोंडातसुद्धा कोंडल्यासारखं झालं होतं." ओरडा आला की तो आवंढ्यासारखा गिळायचा आणि चुचकारायचा. जीभ सुजली, ओठ फाटले, तरी चुचकारत होता.

इकडे मामी आणि आई आणि मी दलदलीच्या काठावर पोचलो होतो. पोलिसांनी दोरी बांधून आम्हाला अडवलं होतं. लव्हाळ्यांतून विमानाचं शेपूट तेवढं वर आलेलं दिसत होतं. मामी एका जागी उभी होती. कुणी पाणी दिलं तर नको, बस म्हटलं तर नको. फक्त एका हवालदाराला पुन्हा पुन्हा सांगत होती, "त्यांना हाका मारा. ते आपणहून बोलायचे नाहीत, तुम्हीच हाका मारा."

शेवटी माणसं पोचली. आधी पुढची काच काढून त्या मुलीला बाहेर घेतलं. मागे आत शिरल्यावर आग विझवणाऱ्यांच्या प्रमुखाने बॅटरीचा झोत फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला. सगळीकडे इंधन सांडलेलं. ठिणगी उडेल असं काही यंत्र चालवायची सोय नाही. करवत आणि जॅक, दोन्ही हाताने चालवायचे. पहिल्याच ठोक्याला आजीबाई बिथरली. चौकट कडाडली. मामाच्या छातीला लोखंड टेकलं आणि त्याचा श्वास अर्धाच राहिला.

सगळे थांबले. पागेच्या मालकाने पाठवलेला जनावरांचा डॉक्टर त्यांच्या मागोमाग आला होता. त्याने घोडीचे मागचे पाय पाहिले. एक पाय वरून मोडला होता, हाड बाहेर आलं होतं. तो मामाजवळ वाकला. "ही काही उभी राहत नाही आता. पुन्हा उसळली तर तुम्ही जाल. आम्ही तिला पट्ट्यांनी वर बांधून घेतो, म्हणजे भार तुमच्यावर येणार नाही, आणि मग इंजेक्शन देतो. तिला त्रास नाही होणार."

"नाही," मामा म्हणाला.

"अहो, ऐका..."

"आधी मला काढा. मग तिला काढा. पाय कापा माझा."

"कापायला जागाच नाही," प्रमुख म्हणाला. "हात जात नाही तिथे."

"मग थांबा. ती शांत आहे. मी ठेवतो तिला शांत."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. तो म्हणतो घटकाभर, डॉक्टर म्हणाला होता दोन मिनिटं. मग फाटलेल्या बाजूने कुणीतरी रांगत आत आलं. ती सहवैमानिक होती. हात गळ्यात बांधलेला, चेहरा चिखलाने आणि रक्ताने माखलेला, मांड्यांवर पट्ट्या. तिला स्ट्रेचरवर घालत होते, पण काकांशी बोलल्याशिवाय जाणार नाही म्हणून ती अडून बसली होती. घोड्यांना घाबरणारी ती मुलगी आजीबाईच्या तोंडापासून वितीवर येऊन बसली.

"काका, ही माणसं तुम्हाला सोडून जाणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी इथेच थांबतील. आणि वास चिखलाचा नाहीये, तुम्हाला माहितीये."

मामाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"तिचा माझ्यावर भरवसा आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही धरा तिला. दुसऱ्या कुणी धरलं तर घाबरत जाईल बिचारी."

मामाने डोळे मिटले. मग म्होरकी घट्ट धरली. घोडीच्या पोटाखालून पट्टे गेले, वरच्या कड्यांना ताणून बांधले गेले, तेव्हा ती उसळणार होती. त्याने चुचकारलं. डॉक्टरने मानेवर हात ठेवला, तिने कान मागे पाडले. त्याने चुचकारलं. ती थांबली. मान त्याच्या खांद्यावर ठेवली. सुई गेली तेव्हाही तो चुचकारत होता. तिचे कान सैल पडले, रोज पडत तसेच, आणि मग तिच्या मानेचं ओझं त्याच्या खांद्यावर एकदम वाढलं. डॉक्टर म्हणाला, "झालं." मामा थांबला नाही. जॅक लावून चौकट उचलली, त्याला ओढून काढलं, फळ्यांवरून काठावर आणलं, तेव्हाही त्याच्या तोंडातून तो आवाज येत होता. मामी धावत गेली, तिने त्याच्या ओठांवर हात ठेवला. "अहो, पुरे. पुरे आता." तेव्हा तो गप्प झाला.

त्यानंतर मामाने चुचकारलं नाही. कधीच नाही.

पाय वाचला, पण तिरका झाला. चौकशी झाली. त्यात निघालं की इंजिनाला इंधन पोचवणारा एक भाग झिजला होता आणि बदलायचा राहून गेला होता. कॅप्टनने घरं वाचवली, असं सगळे म्हणाले. कॅप्टनच्या बायकोने येऊन मामाचा हात हातात घेतला. तो तिच्याशी एक शब्द बोलू शकला नाही. तिलाही नको होता.

घरी आल्यावर मामा खोलीत झोपेना. दार लावलं की उठून बसायचा. दार उघडं ठेवलं तरी भिंतीकडे बघून बसायचा. अंगावर पांघरूण चालेना, पायावर तर नाहीच. न्हाणीघराची कडी लावली की आतून धपाधपा आवाज यायचा, आणि मामीने दार ढकललं की तो ओलेता, पांढराफटक उभा. बसमध्ये बसेना. माणसांच्या घोळक्यात थांबेना. आधीही तो पाहुणे आले की पळायचा, पण तेव्हा कंटाळून पळायचा. आता त्याला खरोखर पळता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं.

पागेचा मालक दोनदा येऊन गेला. "नुसता येऊन बस. काम करू नको." मामा एकदा गेलाही. फाटकापाशी उभा राहिला. आतल्या घोड्यांनी त्याला ओळखलं, माना बाहेर काढल्या, खिंकाळले. तो तिथूनच वळला. घरी येऊन म्हणाला, "ते माझ्याकडे कसे बघत होते, माहितीये?"

"कसे?" मी विचारलं.

"पूर्वीसारखे," तो म्हणाला, आणि मला त्याहून वाईट काही ऐकल्याचं आठवत नाही.

मामी सांत्वन करणाऱ्यांतली नव्हती. तिने एके दिवशी शेजारच्या सुताराला बोलावलं आणि न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. त्या जागी एक जाडसर फुलाफुलांचा पडदा लावला. आई म्हणाली, "अगं, पाहुण्यांचं काय?"

"पाहुण्यांनी गाणं म्हणायचं," मामी म्हणाली. "आत कोणी आहे ते कळतं." आणि खरंच, त्या घरात आलेला प्रत्येक पाहुणा पुढे न्हाणीघरात गात असे. आमचे एक थोर गंभीर काका तर देशभक्तीपर गाणी गात.

मग मामीने त्याला काम शोधून दिलं, एका रोपवाटिकेत. वर आभाळ, चारी बाजूंनी मोकळं, आणि झाडांना चुचकारावं लागत नाही. कुंड्या भरायच्या, पाणी घालायचं. हळूहळू त्याचा चेहरा जरा सुटला. तरी एखाद्या दिवशी तो उन्हात उभा राहून छातीवर हात दाबून श्वास मोजत असायचा. लोखंड गेलं होतं, जागा अजून दबलेलीच होती.

ती सहवैमानिक अधूनमधून फोन करायची. फोनवर मामा हूं हूं करायचा. एकदा ती घरी आली. मामाने तिला आत बोलावलं नाही. दोघं बाहेर पायरीवर बसली. मी चहा घेऊन गेले, आणि मामाने मला जा म्हटलं नाही म्हणून तिथेच टेकले.

"मी परत उडवतेय, काका," ती म्हणाली. "मालाचंच विमान."

"कशाला?"

"दुसरं काही येत नाही मला."

मामाने मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

जरा वेळाने तिने विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलाय का? तेव्हा मी जे बोलले त्यावरून?"

मामाने कप पायरीवर ठेवला. "तू बोललीस म्हणून मी इथं बसलोय," तो म्हणाला. "तू बरोबरच बोललीस. पण राग येतो मला. अजून येतो. तुला वाईट वाटेल म्हणून 'नाही' म्हणणार नाही."

"मलाही येतो," ती म्हणाली. "माझाच."

मामाने आपला उरलेला चहा तिच्या रिकाम्या कपात ओतला. आतून मामीने जेवायला हाक मारली. सहवैमानिक बाई हात धुवायला न्हाणीघरापाशी गेली, पडदा पाहून थबकली. मामीने तिला नियम सांगितला. ती आत गेली आणि थोड्या वेळाने आतून गाण्याचा आवाज आला, बेसूर, पण मोठ्याने.

संध्याकाळी मामा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला, लंगडत, तिच्या चालीने चालायचा प्रयत्न करत. बस आली, भरलेली होती. ती चढली. मामा चढला नाही, तो अजूनही चढत नाही. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तिथे उभा राहिला. मग शेताच्या कडेने पायीच परत आला आणि मामीला म्हणाला, "पोरगी वाळलीय. पुढच्या वेळी डबा दे बरोबर."